दावा कंपनीचा, लढणारा भागधारक

प्रश्न थोडक्यात असा. चौघांची मिळून एक खासगी कंपनी. विचारणाऱ्याकडे २० टक्के शेअर, बाकीचे तिघे संचालक. कंपनीकडे वर्षानुवर्षं येणारं एका ग्राहकाचं मोठं काम या तिघांनी यंदा परस्पर आपल्या नव्या फर्मच्या नावावर घेतलं. खरं तर कंपनीनेच त्यांच्यावर दावा लावायला हवा, पण कंपनीचे निर्णय घेणारे तेच तिघे. मग मी एकटा कंपनीच्या वतीने कोर्टात जाऊ शकतो का? आणि जिंकलो तर पैसे मला मिळतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरच बाकी सगळं ठरतं. नाही, पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. ते कंपनीच्या खात्यात जातील. पंचवीसेक वर्षं ही प्रकरणं चालवतोय, आणि पहिल्याच भेटीत हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. वकिलाची फी मी भरायची, तारखांना मी जायचं, जुन्या सोबत्यांशी वाईटपणा मी घ्यायचा, आणि पैसे कंपनीला? होय. कारण ज्याचं नुकसान झालं तो वादी. काम कंपनीचं होतं, ते कंपनीच्या हातून गेलं. तुमचे शेअर स्वस्त झाले हे खरं, पण ती त्याच नुकसानीची सावली आहे.

आकड्यांत बघा. त्या कामात कंपनीला १०० नफा झाला असता असं धरू. तो गेला, म्हणून तुमच्या हिश्शाची किंमत २० ने उतरली. आता तुम्ही स्वतःसाठी २० वसूल केले आणि उद्या कंपनीनेही आपले १०० वसूल केले, तर एकाच नुकसानीची भरपाई तुमच्यापुरती दोनदा झाली. कंपनीने वसूल केलेच नाहीत, तर कंपनीला कर्ज देणारी बँक आणि पगार थकलेले कामगार मागे राहिले आणि तुम्ही रांग मोडून पुढे गेलात. इंग्लंडच्या न्यायालयाने १९८२ मध्ये प्रुडेन्शियल विरुद्ध न्यूमन या खटल्यात भागधारकाची ही वाट बंद केली, आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅरेक्सच्या निकालात भागधारकांपुरता तो नियम कायम ठेवला.

आता पहिला प्रश्न. जाऊ शकता. पण दार अरुंद आहे, आणि ते का अरुंद ठेवलंय हे कळल्याशिवाय आत शिरता येत नाही.

मूळ नियम १८४३ चा आहे. मँचेस्टरमध्ये व्हिक्टोरिया पार्क नावाची वसाहत उभारायला एक कंपनी निघाली होती. संचालकांनी स्वतःची जमीन चढ्या भावाने कंपनीच्याच गळ्यात मारली, अशी फॉस आणि टर्टन या दोन भागधारकांची तक्रार होती. न्यायाधीश विग्रम (तिथे या पदाला व्हाइस चान्सलर म्हणत) यांनी दावा ऐकला नाही. नुकसान कंपनीचं असेल तर दावा कंपनीनेच लावायचा, आणि जी गोष्ट बहुसंख्य भागधारक सभेत मंजूर करून टाकू शकतात तिच्यावर मूठभरांनी कोर्टात येऊ नये, असा तो निकाल. फॉस विरुद्ध हारबॉटल या नावाने तो आजही कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. अन्यायकारक वाटतो, पण दुसरी बाजू बघा. हजार भागधारकांची कंपनी असेल आणि प्रत्येकाला प्रत्येक निर्णयावर कंपनीच्या नावाने कोर्टात जाता आलं, तर संचालकांनी धंदा कधी करायचा? माझा या नियमावर राग नाही. राग आहे तो त्याच्याआड लपणाऱ्यांवर.

त्यांच्यासाठीच अपवाद आहेत. कंपनीच्या अधिकाराबाहेरची कृती, विशेष ठराव लागत असताना साध्या बहुमताने रेटलेला निर्णय, भागधारकाच्या वैयक्तिक हक्कावर घाला, आणि चौथा, तुमच्या कामाचा: ज्यांनी कंपनीला फसवलं त्यांच्याच हातात कंपनीची सूत्रं आहेत. या चौथ्या अपवादासाठी मी १९१६ चा कुक विरुद्ध डीक्स हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाचा निकाल पुढे ठेवतो, कारण तो जणू तुमच्याच प्रश्नावर लिहिलाय. टोरंटो कन्स्ट्रक्शन कंपनी. चार भागधारक, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची कामं ही कंपनी करत आलेली. तिघांना कुक नकोसा झाला. रेल्वेच्या नव्या कामाची बोलणी त्यांनी नेहमीसारखीच केली, आणि करार करताना मात्र तो स्वतःच्या नावावर घेऊन नव्या कंपनीकडे वळवला. मग सभा बोलावली आणि आपल्या तीन चतुर्थांश मतांनी ठराव केला की या करारात आपल्या कंपनीचा काही संबंध नाही. प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की करार न्यायाने कंपनीचाच आहे, आणि बहुमताच्या जोरावर कंपनीची मालमत्ता स्वतःलाच बक्षीस देता येत नाही. ठराव रद्दबातल.

तुमच्याकडे अजून असा ठराव झालेला नसेल, तर होण्याची शक्यता मोठी आहे. तुम्ही पहिलं पत्र पाठवलंत की समोरचा वकील पहिला सल्ला हाच देतो: सभा घ्या आणि व्यवहार मंजूर करून टाका. सभेची नोटीस आली तर जा. रागाने बहिष्कार टाकू नका. विरोधात मत द्या, कारण लेखी द्या आणि ते इतिवृत्तात घ्यायला लावा. ज्यांनी फायदा घेतला त्यांचीच मतं वजा केली तर ठराव टिकतो का, हा पुढे कळीचा मुद्दा होतो. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलंय: संचालकाच्या चुकीला सभेने मंजुरी द्यायची असेल, तर त्या संचालकाची आणि त्याच्याशी संबंधितांची मतं मोजायची नाहीत.

इथे एक फरक नीट करून घ्या, कारण निम्मी प्रकरणं यातच बिघडतात. सगळ्याच तक्रारी कंपनीच्या नसतात. जाहीर झालेला लाभांश तुम्हाला दिला नाही, सभासद नोंदवहीतून नाव उडवलं, मतदान करू दिलं नाही, ही दुखणी तुमची स्वतःची. त्यासाठी कंपनीच्या वतीने लढायचं कारण नाही, थेट स्वतःच्या नावाने दावा लावा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टूली या खटल्यात यासाठी दोनच प्रश्न घालून दिले: नुकसान कोणाचं झालं, आणि भरपाई कोणाच्या हातात पडणार? कागद-पेन घेऊन प्रत्येक तक्रारीपुढे ही दोन उत्तरं लिहा. खोटी माहिती वाचून शेअर घेतलेल्या गुंतवणूकदारांचे सामूहिक दावे हे आणखी तिसरं प्रकरण. सत्यमचा घोटाळा २००९ मध्ये बाहेर आल्यावर अमेरिकेतल्या दाव्यात कंपनीने गुंतवणूकदारांना १२.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तिथे पैसे कंपनीच्या तिजोरीतून निघून गुंतवणूकदारांकडे गेले. तुमच्या दाव्यात प्रवाह बरोबर उलटा: दोषींच्या खिशातून कंपनीच्या तिजोरीत. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच नाव देतात, म्हणून सांगितलं.

देशागणिक या दाराला वेगवेगळी कडी आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून कोर्टाची परवानगी काढावी लागते. कंपनीचं भलं बघणाऱ्या संचालकाने हा दावा चालवला नसता असं न्यायाधीशांना वाटलं, किंवा व्यवहार रीतसर मंजूर झालेला असला, की परवानगी नाकारलीच जाते. अमेरिकेत आधी संचालक मंडळाकडे मागणी करायची, किंवा मागणी करणं फुकट का गेलं असतं ते बारकाव्यानिशी दाव्यात लिहायचं. डेलावेअरमध्ये २०२१ च्या झुकरबर्ग निकालापासून हे प्रत्येक संचालकापुरतं तपासतात: त्याला स्वतःला मोठा फायदा झाला का, त्याच्यावरच जबाबदारी येण्याचा दाट संभव आहे का, आणि अशा कोणाच्या दबावाखाली तो आहे का. निम्म्या मंडळाबाबत तरी उत्तर हो यायला हवं. तिथे एक सापळाही आहे. मागणीचं पत्र पाठवलंत की मंडळ निःपक्ष आहे हे तुम्ही मान्य केलं असं धरलं जातं, आणि मंडळाने नकार दिला तर त्या नकारावर हल्ला चढवणं फार अवघड होतं. म्हणून तिथले वकील सहसा पत्र न पाठवता थेट दावा लावतात. दुसऱ्या देशातला नमुना उतरवून पत्र धाडणाऱ्यांना मी म्हणूनच थांबवतो.

जपानमध्ये सहा महिने शेअर हातात असले, कंपनीला लेखी मागणी केली आणि ६० दिवसांत कंपनी हलली नाही, की भागधारक दावा लावू शकतो. तिथे कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर ठरत असे, त्यामुळे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दावे येत. १९९३ मध्ये ती सरसकट ८,२०० येन केली आणि दाव्यांची रांग लागली. कायद्याचा हक्क कागदावर तोच होता, फक्त उंबरठा खाली आला. तिथलाच एक दावा: फुकुशिमाच्या अणुभट्टी दुर्घटनेनंतर टेपको या वीज कंपनीच्या भागधारकांनी २०१२ मध्ये माजी अधिकाऱ्यांवर लावलेला. जुलै २०२२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने चौघांना सुमारे १३.३ लाख कोटी येन कंपनीला द्यायचा हुकूम केला. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला. हे भागधारक दहा वर्षांहून जास्त काळ लढले ते स्वतःसाठी एक येनही न मागता. मला ते वेडेपणाचं वाटत नाही. त्सुनामीच्या धोक्याबद्दल कोणी काय सांगितलं होतं आणि कोणी काय पुढे ढकललं, हे संचालकांना कोर्टात उभं राहून सांगावं लागलं.

भारतात अशा दाव्याचं नाव घेणारं स्वतंत्र कलम कंपनी कायदा २०१३ मध्ये नाही. न्यायालयं जुना इंग्लिश नियम आणि त्याचे अपवाद लावत आली आहेत. पण कलम १६६ आहे: संचालकाने गैरवाजवी फायदा उपटला तर तेवढी रक्कम कंपनीला भरून द्यावी लागते. कलम २४१ खाली कंपनीचा कारभार तिच्या हिताविरुद्ध चाललाय म्हणून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी कलम २४४ प्रमाणे वितरित भागभांडवलाचा दहावा हिस्सा लागतो, किंवा १०० सभासद वा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा यांपैकी कमी असेल ती संख्या, आणि न्यायाधिकरण ही अट सैलही करू शकतं. २० टक्केवाल्याला ही अडचण नाही. कलम २४५ चा सामूहिक अर्ज २०१६ पासून अमलात आहे. भांडवलाच्या हिशेबाने त्यासाठी शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीत २ टक्के आणि इतर कंपनीत ५ टक्के हिस्सा पुरतो. मात्र न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतला विषय दिवाणी कोर्टात नेला तर कलम ४३० आडवं येतं, आणि दोन वर्षं कुठे जायचं याच वादात जाऊ शकतात. हे आधी ठरवा.

आता ज्या कामावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो त्याकडे येतो: कागद.

एकदा एक गृहस्थ दाव्याचा मसुदा तयार करूनच आले. चाळीस पानं, त्यातली तीस संतापाची. मी मसुदा बाजूला ठेवला आणि त्यांच्याकडचे सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडायला लावले. ताळेबंद, ईमेल, कोटेशन, चलनं. दुपारपर्यंत टेबल भरलं. मंडळाचा एक ठराव होता: ‘सध्याची क्षमता पाहता हे काम घेणं कंपनीला शक्य नाही.’ आणि त्याच्या अकरा दिवस आधीचा ग्राहकाचा ईमेल होता: सुधारित कोटेशन मिळालं, पण ते नव्या फर्मच्या लेटरहेडवर का आलं? म्हणजे कंपनीला काम झेपत नाही हे ठरण्याआधीच ते दुसरीकडे गेलं होतं. त्याच ढिगात कंपनीच्या भांडाराची दोन चलनं निघाली, माल नव्या फर्मच्या जागेवर पोचवल्याची. क्षमता नसलेल्या कंपनीचा माल तिथे काय करत होता? चाळीस पानांचा दावा नऊ पानांवर आला. नोटीस गेल्यावर समोरच्यांनी उरलेलं काम कंपनीकडे परत वळवलं आणि झालेल्या नफ्याचा हिशेब दिला. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

म्हणून तुम्हीही आधी तारखा जुळवा. कुठले कागद मागता येतात ते बघा. भारतात सभासदाला सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांची नोंदवही बघण्याचा हक्क आहे. मंडळाची इतिवृत्तं मात्र सभासद म्हणून हक्काने मागता येत नाहीत. वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार दाखवावे लागतात. नव्या फर्मचं नाव तिथे नसेल तर ती गैरहजेरीसुद्धा पुरावा आहे. अमेरिकेत ब्लू बेल आइस्क्रीमच्या प्रकरणात असंच झालं. २०१५ मध्ये लिस्टेरियाच्या जंतूंमुळे तिघांचा जीव गेला. भागधारकाने कंपनीची दप्तरं मागवली, आणि त्यांत काय नाही तेच महत्त्वाचं ठरलं: अन्नसुरक्षेवर मंडळाने नियमित चर्चा केल्याची खूण नव्हती. २०१९ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या आधारावर दावा पुढे जाऊ दिला.

ब्लू बेलसारखी प्रकरणं विरळा असतात हेही सांगायला हवं. संचालकांचा निर्णय चुकला, धंदा बुडाला, एवढ्यावर कोर्ट हात घालत नाही, आणि घालूही नये. प्रामाणिकपणे, माहिती घेऊन केलेली चूक माफ असते. कंपनीचं काम स्वतःच्या खिशात घालणं ही चूक नसते, ती बेइमानी असते, आणि तुमची तक्रार या दुसऱ्या प्रकारची आहे. दाव्यात दोन्ही मिसळू नका. ‘शिवाय यांनी मशीनही महाग घेतलं’ असं एक वाक्य घातलंत की समोरचा वकील सगळी सुनावणी त्या मशीनवर घालवतो.

खर्चाचं काय? दावा कंपनीच्या भल्याचा, म्हणून खर्चही कंपनीने सोसावा, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १९७५ च्या वॉलरस्टाइनर विरुद्ध मॉयर या निकालाने रुजवलं. मॉयर हा छोटा भागधारक, लढता लढता पैसे संपलेला. अमेरिकेत कंपनीला फायदा करून दिला तर वकिलाची फी त्यातून कोर्ट ठरवून देतं. पण हे सगळं नंतरचं. सुरुवातीचा खर्च तुमच्या खिशातूनच जातो, आणि समोरचे तिघे आपला बचाव कंपनीच्या पैशातून करू बघतात. त्यावर पहिल्याच तारखेला हरकत घ्या.

तडजोडही तुम्हाला आपल्या मर्जीने करता येत नाही, निदान जिथे कोर्टाची मंजुरी लागते तिथे नाही. दावा तुमच्या मालकीचा नाही, तर तो विकणार कसा? ‘तुला एवढे देतो, दावा काढून घे’ असा निरोप नक्की येईल. तो घेतलात तर कंपनीचा हक्क तुम्ही स्वतःसाठी विकलात, म्हणजे ज्या गोष्टीची तक्रार घेऊन आलात तीच केलीत. चांगली तडजोड कशी दिसते त्याचा नमुना म्हणून बोइंगचं २०२१ चं प्रकरण बघा. २३.७५ कोटी डॉलर कंपनीला मिळाले, ते संचालकांच्या विम्यातून. सोबत विमानसुरक्षेची जाण असलेला संचालक नेमण्याची आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी ठेवण्याची अटही आली.

सगळं ऐकल्यावर मी प्रत्येकाला एक गोष्ट विचारतो: तुम्हाला या कंपनीत राहायचंय का? राहायचं असेल, कंपनी चालावी असं मनापासून वाटत असेल, तर कंपनीच्या वतीने लढा. तिला परत मिळालेल्या पैशातला तुमचा २० टक्के वाटा कंपनीतच राहील, आणि तिथे सूत्रं अजून त्या तिघांकडेच असतील, हे मान्य करून लढा. बाहेर पडायचं असेल तर हा रस्ता चुकीचा. तेव्हा दडपशाहीचा, म्हणजे बहुमतवाले तुमच्यावर अन्याय करतायत असा अर्ज करा आणि माझे शेअर वाजवी किमतीला विकत घ्या असा हुकूम मागा. भारतात कलम २४२ खाली आणि इंग्लंडमध्ये कलम ९९४ च्या अर्जावर असा हुकूम मिळू शकतो, आणि किंमत ठरवताना पळवलेल्या कामाचा नफा धरावा असं म्हणता येतं. छोट्या कंपन्यांतले माझ्याकडे येणारे बहुतेक जण खरं तर हेच मागायला आलेले असतात, फक्त रागाच्या भरात नाव दुसऱ्याच दाव्याचं घेतात.

काहीही ठरवलंत तरी शेअर मध्येच विकू नका. शेअर गेले की कंपनीच्या वतीने बोलायचा तुमचा हक्कही गेला. माझ्या एका अशिलाने दावा सुरू असताना पैशाची नड म्हणून मला न सांगता सगळे शेअर पुतण्याच्या नावावर केले, आणि दोन वर्षांचं काम एका तारखेत संपलं. मुदतीकडेही लक्ष ठेवा. भारतात बहुतेक अशा मागण्यांना तीन वर्षं असतात, आणि काम वळवल्याचं तुम्हाला कधी कळलं हे दाखवणारा कागद म्हणून महत्त्वाचा.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. भारतातली कंपनी असेल तर कंपनीला उद्देशून एक पत्र लिहा, तिघांना वैयक्तिक नको. कुठलं काम, कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर गेलं ते चार ओळींत. कंपनीने ते परत मिळवण्यासाठी काय केलं, असा एकच प्रश्न. हितसंबंधांची नोंदवही बघायला कधी येऊ, ते विचारा. आरोपाची विशेषणं एकही नकोत. पत्र स्पीड पोस्टाने, नोंदणीसह, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा आणि पोचपावती त्याच कागदांच्या गठ्ठ्यात, तारखेच्या जागी लावून ठेवा.